ओगरचा 'वेल्ट', सात-आठ महिने रोज ऐकल्यावर

गेल्या पावसाळ्यात माझा सीडी प्लेअर 'वेल्ट' या अल्बमच्या शेवटच्या गाण्यांवर अडकायला लागला. 'क्रॅकर'पासून टकटक सुरू व्हायची, 'मायनस' तर लागायचंच नाही. निवेक ओगर म्हणजे स्किनी पपी या कॅनडातल्या इंडस्ट्रियल (यंत्रासारख्या कर्कश आवाजांचं संगीत करणाऱ्या) बँडचा गायक. हा त्याचा ओगर याच नावाने २००१ साली आलेला पहिला अल्बम, आणि माझ्याकडच्या सगळ्या सीड्यांमध्ये माझा सर्वात लाडका.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात प्लेअर दिला. आठवड्याने उत्तर आलं: "सीडी खराब आहे. नाहीतर लेन्स बदला, पण त्यापेक्षा नवीनच घ्या. सीडी आता ऐकतं कोण?" वर तपासणीचे पाचशे रुपये. माझं डोकं फिरलं. सीडी लेन्सने आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी बाहेरच्या बाजूला असतात. छोट्या सीड्या बिनतक्रार वाजतात आणि लांबीच्या सगळ्याच एका ठरावीक जागेनंतर अडखळतात, तर दोष सीडीत कसा असेल? लेन्स ज्या रुळावर सरकते तिथलं ग्रीस सुकलंय का, एवढं बघा म्हणून मी काउंटरवर तीनदा सांगितलं. त्यांनी झाकण उघडल्याचीही खूण नव्हती, सगळे स्क्रू धुळीसकट जागच्या जागी. पाचशे मात्र घेतलेच.

मग प्लेअर तसाच पडून राहिला आणि मी अल्बम फोनवर ऐकायला लागलो, ठाणे-वाशी लोकलमध्ये. ऐरोली, रबाळे, घणसोली जाईपर्यंत पहिली चार-पाच गाणी होतात. वाशीला उतरायची वेळ आली की अल्बम अर्ध्याच्या थोडा पुढे असतो आणि ऑफिस सुरू. कित्येक आठवडे मी पहिला अर्धा भागच ऐकत होतो. तेव्हा मित्राला छातीठोकपणे सांगितलं होतं की पहिला भाग सोन्याचा, नंतरचा पातळ.

पहिल्या भागाबद्दल मत आजही तेच आहे, आणि त्याचं कारण आवाज. स्किनी पपीच्या 'टू डार्क पार्क' किंवा 'लास्ट राइट्स' या अल्बममध्ये ओगरचा आवाज चिरडलेला, चार थरांखाली गाडलेला असतो. शब्द कळत नाहीत, कळावेत अशी अपेक्षाही नसते. 'वेल्ट'मध्ये तो गातो. यंत्रातून काढलेला, वाकवलेला आवाज आहेच, पण चाल धरून. 'वॉटर'पासूनच हे कळतं. लोक बीटबद्दल, सिंथबद्दल बोलतात, मला या अल्बममध्ये आवाजाच्या जागेइतकं महत्त्वाचं काहीच वाटत नाही. आवाज पुढे आणायला धाडस लागतं, कारण मग लपायला जागा उरत नाही.

आणि तो काळ बघा. ओगरने १९९५ मध्ये बँड सोडला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँडचा कीबोर्डवादक ड्वेन गोएटल वारला. बँडचा 'द प्रोसेस' हा अल्बम १९९६ मध्ये आला तेव्हा बँड उरलाच नव्हता. संगीतकार-निर्माता मार्क वॉकसोबतचं 'वेल्ट'चं काम नव्वदच्या मध्यातच सुरू झालं होतं, पण रेकॉर्ड कंपनीच्या करारात अडकून वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि शेवटी स्पिटफायर या कंपनीने काढलं. माझ्यासारख्याला याचा राग येतो. हातात तयार काम आणि बाहेर काढता येत नाही! पुढे २००४ मध्ये 'द ग्रेटर राँग ऑफ द राइट' घेऊन स्किनी पपी परत आले, तेव्हा मार्क वॉक सोबत होताच. त्या अल्बममधला गाणारा ओगर ज्यांना आवडला, त्यांनी 'वेल्ट' आधी ऐकायला हवा. याला 'बाजूचा उद्योग' म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

दिवाळीच्या सुमारास कोपरीत एक वयस्कर मेकॅनिक सापडले. टेपरेकॉर्डरच्या काळापासून बसलेत. त्यांनी माझ्यासमोर झाकण काढलं, रुळावरचं पिवळं पडून घट्ट झालेलं ग्रीस काडीने खरवडलं, नवं पांढरं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावलं आणि लेन्स हाताने शेवटपर्यंत सरकवून दाखवली. दीडशे रुपये. लेन्सला काहीही झालेलं नव्हतं.

घरी येऊन सबंध अल्बम स्पीकरवर लावला आणि नंतरच्या भागाबद्दलचं माझं मत पार बदललं. 'क्रॅकर' चटकन तोंडात बसतं म्हणून ते हलकं वाटायचं. पण 'सोलो'नंतर ते ऐकलं की तो उजेड कुठून येतो ते कळतं. नुसतं ते एकटं लावलं तर अर्धी मजा जाते. 'मायनस' पोहोचेपर्यंत आवाजाची इतकी सवय झालेली असते की साधी ओळही मनाला लागते. फोनवर तुकड्यांत हे कळणं शक्य नव्हतं, शिवाय ॲपमधलं आवाज समान करण्याचं सेटिंग चालू होतं. ते बंद केल्यावर फोनवरही जोर पुष्कळ परत आला. ते सेटिंग आधी बंद करा.

तक्रार एकच: खालचा बेस काही ठिकाणी फुगलेला वाटतो. माझ्या छोट्या स्पीकरवर बेसचं बटण दोन टिचक्या मागे घेतल्यावर शब्द मोकळे झाले. शफल मात्र चुकूनही लावू नका.

जुनी सीडी घेणार असाल तर आधी उजेडात तिरकी धरून रेकॉर्ड झालेल्या भागाची बाहेरची कड बघा, ओरखडे तिथे असतील तर फटका शेवटच्या गाण्यांना बसतो. विकणारे 'दुर्मीळ' म्हणून वाटेल ती किंमत सांगतात. घासाघीस करा, पण घ्या.