टॉवेल: सुती की पॉलिस्टर?

होस्टेलवर निघालेल्या भाचीचा प्रश्न: आपला सोलापुरी सुती टॉवेल नेऊ की पॉलिस्टरचा? पाकिटावर काय छापलंय ते सोड, रेणू काय करतात ते बघू.

पाणी टिपण्यात सुताला तोड नाही. सूत ज्याचं बनलेलं असतं त्या सेल्युलोजवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, ते पाण्याला हायड्रोजन बंधाने, म्हणजे रेणूंमधल्या बऱ्यापैकी घट्ट ओढीने, धरतात. साध्या हवेतूनच सूत ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा घेतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४. त्याच्याकडे मुख्यतः व्हॅन डर वाल्स ओढ, म्हणजे सगळ्याच रेणूंमध्ये असणारी क्षीण ओढ; पाण्यापुढे ती फारच तोकडी. मायक्रोफायबर, म्हणजे मुख्यतः पॉलिस्टरच्या अतिबारीक धाग्यांचा टॉवेल, पाणी टिपतो खरा, पण धाग्यांमधल्या बारीक फटींमुळे.

वाळण्यात मात्र सूत हरतं. पावसाळ्यात कुबट वास ठरलेला. आणि मे महिन्यात गच्चीवर टाकला की पापडासारखा कडक! तंतूंमध्ये उरलेलं थोडंसं पाणी हायड्रोजन बंधांनी त्यांना एकमेकांना जखडतं. झटकून चोळला की बंध तुटतात, टॉवेल मऊ.

तेलाचा डाग पॉलिस्टर सहज सोडत नाही; तिथे तीच क्षीण ओढ पुरते.

वाळत घालायला ऊन-वारा असेल तर सुतीच घे. खोलीत दोरी बांधायलाही जागा नसेल किंवा सारखा प्रवास असेल, तर मायक्रोफायबर.