शरीराच्या आतल्या संवेदना ओळखण्याचा सराव: काही महिन्यांच्या वापरानंतर

छातीत धडधड झाली की ईसीजी, ईसीजी नॉर्मल आला की ‘टेन्शन घेऊ नका’, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच धडधड. या चक्रात सापडलेल्यांना इंटरोसेप्शनचा, म्हणजे शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना ओळखण्याचा सराव सुचवला जातो. तो घरी काही महिने चालवल्यावर काय हाती लागतं आणि कुठे फसतं, ते इथे सविस्तर. हृदय, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी डॉक्टरांकडून झालेली आहे असं गृहीत धरलंय. झाली नसेल तर आधी ती करा.

सरावाचे तीन भाग: ठोके मोजणं, अंगभर लक्ष फिरवणं, आणि ज्या संवेदनांची भीती वाटते त्या मुद्दाम आणणं. पहिल्यात आकडा मिळतो म्हणून लोक त्यालाच चिकटून राहतात. तिसरा नकोसा असतो म्हणून टाळतात, आणि पॅनिकसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांसाठी, खरा गुण त्याचाच येतो. सामान फारसं लागत नाही: बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, मोबाइलचा टायमर, बारीक स्ट्रॉ, फिरती खुर्ची आणि वही.

ठोके मोजण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ रायनर शांड्री यांची, १९८१ची. २५, ३५ आणि ४५ सेकंदांचे तीन टप्पे. नाडीवर किंवा छातीवर हात न ठेवता, आतून जाणवलेले ठोके मोजायचे. खरे ५२ आणि तुमचे ३९ असतील तर फरक १३, तो भागिले ५२ म्हणजे ०.२५, एकातून वजा केल्यावर अचूकता ०.७५. तिन्ही टप्प्यांची सरासरी घ्यायची. ऑक्सिमीटरवर दिसणारा नाडीचा आकडा काही सेकंदांची सरासरी असतो, त्यामुळे त्यावरून गुणाकार करून ठोके काढू नका. पडद्यावर ठोक्यागणिक वरखाली होणारी पट्टी असते, तिचं मोबाइलवर व्हिडिओ चित्रण करा आणि नंतर मोजा. बीप बंद हवा. अजून एक खोट आहे: क्लिप घट्ट असली की बोटातच नाडी ठणकते आणि आपण तीच मोजत बसतो. सैल क्लिपचं यंत्र घ्या.

या आकड्याचं अप्रूप मात्र नको. आपली नाडी साधारण ७२ असते हे माहीत असलेला माणूस काहीही न जाणवता केवळ अंदाजाने चांगले गुण मिळवतो. ‘जाणवले तेवढेच मोज, अंदाज करू नकोस’ असं बजावलं की बहुतेकांचे गुण धाडकन उतरतात, आणि तेच खरे असतात. शिवाय हा आकडा वाढला म्हणून चिंता कमी होते, असं सरळ नातं नाही. उपयोगी आहे ती दुसरी नोंद: प्रत्येक टप्प्यानंतर, खरा आकडा बघण्याआधी, ‘मला किती खात्री आहे’ हे ० ते १० मध्ये लिहायचं. सारा गारफिंकल आणि ह्यूगो क्रिचली या संशोधकांनी २०१५मध्ये अचूकता, स्वतःबद्दलचा समज आणि या दोघांचा मेळ अशा तीन वेगळ्या गोष्टी मांडल्या. ‘मला शरीरातलं सगळं कळतं’ म्हणणाऱ्याची खात्री ९ आणि अचूकता ०.४ निघाली, तर धडधडीवरून काढलेल्या निष्कर्षांवर किती विसंबायचं हे त्याचं त्यालाच वहीत दिसतं. सुरुवातीला काहीच जाणवत नसेल तर दोन मजले जिना चढून लगेच मोजा, नंतर उताणं झोपून. आठवड्यातून दोनदा पुरे.

अंगभर लक्ष फिरवणं आपल्याकडे नवं नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. आधी श्वास, मग चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना. जॉन कबाट-झिन यांच्या १९७९पासूनच्या आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस कार्यक्रमातला बॉडी स्कॅन, म्हणजे असंच अंगभर लक्ष फिरवणं, सुमारे ४५ मिनिटांचा. घरी रोज १५ ते २० मिनिटं टिकतात, ४५ टिकत नाहीत. जेवणानंतर दोन तास सोडून, खुर्चीवर बसून करा. झोपून केलं की गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत डोळा लागतो. पावलांपासून सुरुवात करा, कारण पॅनिक असणाऱ्याने छातीपासून सुरू केलं तर तो तिथेच अडकतो. वहीत ‘टेन्शन आलं’ असं लिहू नका. तीन रकाने करा: जागा, संवेदना कशी, आणि मन काय म्हणालं. ‘घसा, आवंढा अडकल्यासारखं, आता श्वास बंद होणार’ अशी नोंद हवी. पहिल्या दोन रकान्यांतलं शरीराचं असतं, तिसऱ्यातलं भीतीचं. हे वेगळं लिहायची सवय म्हणजे अर्धं काम.

हिंसा किंवा अत्याचार सोसलेल्यांना अंगावर लक्ष नेल्यावर जुनं सगळं उसळू शकतं. तसं झालं तर डोळे उघडे ठेवून फक्त पावलं आणि जमीन एवढ्यावरच थांबा, बाकीचं थेरपिस्टबरोबर. गंभीर मानसिक आजार चालू असताना थेट दहा दिवसांच्या मौनशिबिराला जाऊ नका. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका.

आता तिसरा भाग. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६मध्ये मांडलं की पॅनिक पेटतो तो संवेदनेमुळे नाही, तिच्या ‘आता मरतोय’ अशा अर्थामुळे. म्हणून संवेदना स्वतः आणायची आणि तो अर्थ तपासायचा. हृदयविकार, दमा, फिट्स, गरोदरपण, कानाच्या आजारामुळे येणारी चक्कर, मानेचं दुखणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय करू नका. प्रकार असे: ६० सेकंद जागच्या जागी धावणं, ६० सेकंद खुर्चीवर गरगर फिरणं, ३० सेकंद डोकं डावी-उजवीकडे हलवणं, ३० सेकंद श्वास रोखणं, ६० सेकंद जोरात खोल श्वासोच्छ्वास, आणि नाक दाबून स्ट्रॉमधून दोन मिनिटं श्वास. प्रत्येक एकदा करून भीती किती आणि स्वतःच्या झटक्याशी साम्य किती, हे ० ते १० मध्ये लिहा. साम्य जास्त असलेले दोन-तीन निवडा, बाकीचे सोडा.

स्ट्रॉ ज्यूसच्या टेट्रापॅकवर चिकटवलेली असते तशी बारीक हवी. नारळपाण्याची जाड चालत नाही, तिच्यातून श्वास आरामात येतो. हल्लीच्या कागदी स्ट्रॉ लाळेने मऊ पडून चपट्या होतात, म्हणून दर खेपेला नवी.

जोरात श्वासोच्छ्वासाच्या वेळी मात्र एकदा ऑक्सिमीटर लावून बघाच. ओठांना मुंग्या येतात, बोटं गार पडतात, डोकं हलकं होतं, ‘श्वास पुरत नाही’ असं वाटतं, आणि पडद्यावर ९८-९९. ऑक्सिजन कमी झालेलाच नसतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. थांबल्यावर एक-दोन मिनिटांत उतरतं. सुरू करण्याआधी ‘चक्कर येऊन पडेन’ असं भाकीत लिहा, संपल्यावर काय झालं ते त्याच्यापुढे लिहा. भीती २ वर येईपर्यंत त्याच बैठकीत पुन्हा पुन्हा, आठवड्यात चार-पाच दिवस.

इथे सर्वांत जास्त फसतं ते सुटकेच्या वाटांमुळे. मध्येच पाण्याचा घोट, भिंतीचा आधार, लगेच अनुलोम-विलोम. मिनिटाला सहा श्वासांचा संथ प्राणायाम एरवी उत्तम, पण या व्यायामानंतर लगेच केला की ‘प्राणायामामुळे वाचलो’ हाच धडा मिळतो. अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता शमवणारी गोळी घेऊन सराव केला तर तोही वायाच, पण गोळीची वेळ किंवा मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. प्रोप्रॅनोलॉल हे नाडी मंद करणारं औषध चालू असेल तर धावूनही नाडी फारशी चढत नाही, तेव्हा निकाल त्या हिशेबाने वाचा. आणि ऑक्सिमीटर हीसुद्धा अशीच वाट होते. दिवसातून वीसदा बोट घालून ९८ पाहणारा माणूस बरा होत नाही, त्याची भीती यंत्राच्या आधाराने टिकून राहते. दोन-तीन आठवड्यांनंतर यंत्र कपाटात टाका. स्मार्टवॉचवरचा नाडीचा आकडाही पहिल्या पानावरून काढा.

ज्यांना उलट शरीरातलं काहीच कळत नाही, म्हणजे घड्याळ बघून जेवणारे, लघवी अगदी टोकाला आल्यावर उठणारे, उदासीत थकवा ‘आळस’ समजणारे, त्यांना तिसऱ्या भागाची फारशी गरज नाही. त्यांनी जेवणाआधी भूक आणि अर्ध्या जेवणात पोट किती भरलं, हे ० ते १० मध्ये लिहावं. सुरुवातीचे आठवडे सगळीकडे ५ पडतात. चिकाटी धरली तर हळूहळू ३ आणि ७ दिसू लागतात. खाण्याचा विकार असेल तर मात्र ही नोंद थेरपिस्टच्या देखरेखीखालीच, नाहीतर तीच उपाशी राहण्याचं साधन होते.

गुण यायला वेळ लागतो. तिसरा भाग नीट केला तर काही आठवड्यांत फरक दिसतो, पण तो धडधड कमी होण्याचा नसतो. धडधड होते, आणि माणूस भाजी चिरत राहतो. प्रवास, जागरण, तापानंतर भीती पुन्हा डोकं वर काढते. तेव्हा निवडलेले दोन व्यायाम आठवडाभर परत करावेत. छातीत दाब येऊन तो डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, सोबत घाम किंवा बेशुद्धी असेल, तर वही बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा. जवळ थेरपिस्ट नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.