आयोडीन की टीएनएफ : विकिरणात ठेवायच्या पॉलिएस्टर फिल्मसाठी डोपंट निवडताना

पॉलिएस्टर फिल्म एरवी विद्युतरोधक असते, पण विकिरणात तिची वाहकता वाढते. ती किती वाढते हे डोपंटने, म्हणजे फिल्ममध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेल्या द्रव्याने, बदलता येते. माझ्यापुढे आयोडीन आणि टीएनएफ, म्हणजे ट्रायनायट्रोफ्लुओरेनोन, असे दोन पर्याय होते. दोन्ही इलेक्ट्रॉनग्राही, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारे, असले तरी त्यांची चाल उलट आहे. आयोडीन बहुलकाशी (फिल्मच्या पॉलिएस्टरशी) प्रभार-हस्तांतरण संकुले, म्हणजे इलेक्ट्रॉनची अंशतः देवाणघेवाण असलेल्या जोड्या, बनवून वाहकता वाढवते, पण त्याबरोबर अंधारातील, म्हणजे विकिरण नसतानाचा, प्रवाहही चढतो आणि विकिरणाने घातलेली भर त्यातून वेगळी काढणे जिकिरीचे होते. टीएनएफवर मात्र सुटे इलेक्ट्रॉन अडकून बसतात, धनविवरे (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या धनप्रभारित जागा) तिथे येऊन त्यांच्याशी संयोग पावतात आणि विकिरणजन्य वाहकता घटते. किरणोत्सारी वातावरणातल्या कपॅसिटरने प्रभार धरून ठेवायचा असतो, म्हणून त्यासाठी हेच हवे असते.

माझ्यापुरता निकाल लावला तो पुण्याच्या पावसाळ्याने. जुलैत मोजणीच्या कक्षातली हवा इतकी दमट असते की गार्ड रिंग (पृष्ठभागावरची गळती बाजूला वळवणारे कडे) असूनही फिल्मच्या पृष्ठभागावरून गळणारा प्रवाह इलेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अतिसूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या उपकरणावर, हलत राहतो, म्हणून नमुना ठेवलेला सेल निर्वात करावा लागतो. आणि निर्वात केला की आयोडीन फिल्ममधून निघून जाऊ लागते. सकाळी तपकिरी असलेला नमुना संध्याकाळी फिकट दिसतो, वाफेने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोडवर बारीक छिद्रे पडतात, आणि प्रवाह उतरला तो मात्रादर (दर सेकंदाला मिळणारी विकिरणाची मात्रा) बदलल्यामुळे की डोपंट उडाल्यामुळे, हे सांगता येत नाही. दमटपणा घालवावा की आयोडीन टिकवावे, असा हा पेच आहे.

टीएनएफ सोपे आहे असे मी म्हणणार नाही. ते गरम द्रावणातून फिल्ममध्ये मुरवताना पिवळा रंग कडेला दाट आणि मध्ये विरळ बसतो, शिवाय नायट्रो संयुग म्हणून हातमोजे आणि वाफा खेचून घेणारे फ्यूम हूड हवेच. पण एकदा मुरले की ते जागेवर राहते.

मोजणी कोबाल्ट-६० च्या स्थिर स्रोतावर करा किंवा पुणे विद्यापीठातील ६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या मायक्रोट्रॉन या त्वरकाच्या स्पंदित इलेक्ट्रॉनांवर, एकाच मात्रादरावर विसंबू नये. वाहकता मात्रादराच्या घाताप्रमाणे वाढते, तो घातांक बहुधा ०.५ ते १ च्या दरम्यान असतो आणि डोपंट तोही हलवू शकतो. उपग्रहाच्या आवरणावर साचलेला प्रभार वाहून जाऊ द्यायचा असेल, तर आयोडीनच्या दिशेने विचार करणे कदाचित योग्य ठरेल. मात्र ते अवकाशातल्या निर्वातात टिकवायचे कसे, हे आधी ठरवलेले बरे.