कॅप्टॉनवर वाहक थर: लॅबमधली आर्गन गन की इम्प्लांटर?

कॅप्टॉन ही पॉलिइमाइड प्लास्टिकची फिल्म, मुळात विद्युतरोधक. आयनांच्या माऱ्याने त्यातले इमाइड आणि कार्बोनिल बंध तुटतात, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड निघून जातात आणि मागे कार्बनने भरलेला काळपट थर उरतो. वीज वाहते ती या थरातून. म्हणून तो किती जाड हवा, हे आधी ठरवा.

एक्सपीएसच्या (क्ष-किरणांनी पृष्ठभागाची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या) चेंबरमधली १ केईव्हीची (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची) आर्गन गन वरचे जेमतेम चार-पाच नॅनोमीटर बदलते. इम्प्लांटर म्हणजे जास्त ऊर्जेने आयन आत रुतवणारं यंत्र; त्यातले ५० केईव्हीचे नायट्रोजन आयन साधारण दीडशे नॅनोमीटर आत जातात. समजा, दोन्ही थरांची रोधकता १ ओहम-सेंमी झाली. तरी गनच्या थराचा शीट रेझिस्टन्स (थराच्या एका चौरस तुकड्याचा रोध) २०-२५ लाख ओहम येईल, इम्प्लांटरच्या थराचा ६७ हजारांच्या आसपास. शिवाय पातळ थर हवेत आला की तुटक्या बंधांवर ऑक्सिजन आणि बाष्प बसतं आणि रोधाचा आकडा सरकत राहतो. चिकटपणा वाढवायला किंवा पृष्ठभाग साफ करायला गन उत्तम आहे, पण टिकाऊ वाहकतेसाठी आमचं मत इम्प्लांटरलाच.

मात्र इम्प्लांटरवर उष्णता आणि चार्ज दोन्ही सांभाळावे लागतात. दर चौरस सेंमी १ मायक्रोअँपियर प्रवाहाने १०^१६ आयनांचा डोस (दर चौरस सेंमीवर पडलेले एकूण आयन) पूर्ण व्हायला सुमारे २७ मिनिटं लागतात. ५० केईव्हीला ही दर चौरस सेंमी ५० मिलिवॅट उष्णता झाली. घाईने प्रवाह दहापट केला तर अर्धा वॅट, आणि धातूच्या पाटीला नीट न टेकलेली फिल्म हमखास वळते. सुरुवातीची मिनिटं सर्वांत वाईट, कारण फिल्म अजून रोधकच असते. चार्ज साचतो आणि ठिणगी पडते. अॅल्युमिनियमचा मास्क (मधे उघडा असलेला पत्रा) फिल्मवर दाबून बसवा, त्याला अर्थिंग करा आणि कमी प्रवाहाने सुरू करा. पृष्ठभाग काळवंडला की चार्ज मास्ककडे वाहून जातो. मग प्रवाह वाढवता येतो. आयनांचा प्रवाह मोजणाऱ्या फॅरडे कपला धन बायस (व्होल्टेज) दिला नाही, तर आयन आदळून सुटलेले दुय्यम इलेक्ट्रॉन बाहेर पळतात, प्रवाह जास्त दिसतो आणि डोस कमीच पडतो.

पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरसारख्या, आधीच वाहक असलेल्या फिल्मला यातलं काहीच लावू नका. तिथे तेच आयन वीज वाहणारी संयुग्मित (एकाआड एक दुहेरी बंधांची) साखळी तोडतात आणि वाहकता घटते. खोलीनुसार रचना बघायची असेल तर आर्गन क्लस्टर गन (अणूंचे पुंजके मारणारी) घ्या, तिने खालची रचना फारशी मोडत नाही: १० केईव्हीचा, २००० अणूंचा क्लस्टर म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याला फक्त ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

मोजताना टोकदार फोर-पॉइंट प्रोब (चार सुयांनी रोध मोजणारं साधन) पातळ थरातून आरपार जातो. त्याऐवजी १० मिमी लांब सोन्याच्या दोन समांतर पट्ट्या १० मिमी अंतरावर चढवा आणि त्यांच्या बाहेरचा थर खरवडून टाका. इलेक्ट्रोमीटरवरचा रोध हाच शीट रेझिस्टन्स. पट्ट्या मास्कच्या सावलीतल्या कोऱ्या भागावर येऊ देऊ नका.