चुंबक तळालाही चिकटलं नाही, तेव्हाच कळायला हवं होतं

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भांड्यांचा डेमो झाला आणि माझे 20,999 रुपये गेले. सेट 24,999चा, जुनी भांडी दिल्याबद्दल 4,000 सूट. 5,000 रोख दिले, 15,999 यूपीआयने. ते कंपनीच्या नाही, एका माणसाच्या नावावर गेले. असं दिसलं की तिथेच थांबा.

डेमो तुम्हीही पाहिला असेल. अल्युमिनियमच्या पातेल्यात खायचा सोडा घालून पाणी उकळायचं, चव घ्यायला लावायची, कडवट लागलं की म्हणायचं, हेच रोज पोटात जातं. अल्युमिनियमवर सोडा क्रिया करतोच, पण आपण वरण काही सोड्याच्या पाण्यात शिजवत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. मी बँकेत 22 वर्षं नोकरी केली आहे, अडाणी नाही. पण घरात सासूबाईंना किडनीचा त्रास, आणि डेमो देणारा मुलगा नेमका किडनीवरच बोलत होता.

मग त्यानं चुंबक काढलं. कढईला आतून लावलं, घसरलं. उलटी करून तळाला लावलं, तरी घसरलं. "बघा काकू, अस्सल 304, सर्जिकल स्टील!" 304 म्हणजे निकेल जास्त असलेलं, चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील. आम्ही टाळ्या वाजवल्या. दोनच मिनिटांपूर्वी तो म्हणाला होता की सेट इंडक्शनवरही चालतो. माझ्या ओट्यावर सहा वर्षं इंडक्शन आहे. तळाला चुंबक धरत नाही ते भांडं त्यावर चालत नाही, हे मला पाठ आहे. चांगल्या ट्रायप्लायचा, म्हणजे तीन थरांच्या भांड्याचा, बाहेरचा थर म्हणूनच चुंबक धरणाऱ्या स्टीलचा असतो. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर घडल्या आणि मी त्या जोडल्या नाहीत. अजून रात्री तेच आठवतं.

घरी इंडक्शन नुसतं पीं पीं करत राहिलं. तीन आठवड्यांत पातेल्यात तांबूस ठिपके आले. फोनवर तो विक्रेता म्हणे, तुम्ही मीठ थंड पाण्यात घातलं असेल. मीठ उकळी आल्यावरच घालावं, खारट आमटी रात्रभर भांड्यात ठेवू नये, हे खरंच आहे. पण माझी 20 वर्षांची साधी स्टीलची पातेली याच हातांखाली स्वच्छ आहेत. नंतर फोन बंद.

भांडी बाजारात एका जुन्या दुकानदारानं तळाला रसायनाचा थेंब टाकून छोटी बॅटरी लावली. थेंब लाल झाला. म्हणजे 200 सिरीजचं स्वस्त स्टील, निकेल कमी आणि मँगनीज जास्त. चुंबक त्यालाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकानं 304 सिद्धच होत नाही. पातेलं सांगितलं होतं 1 किलो 900 ग्रॅमचं, काट्यावर भरलं 1 किलो 150. वजन करून घ्या, समोर करून घ्या. पावतीवरचा जीएसटी क्रमांक मोजा. 15 अक्षरं हवीत, माझ्या पावतीवर 14 आहेत.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत ना मॅडम? हा दिवाणी मामला." तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. पावती खोटी, पत्ता खोटा, यात दिवाणी काय आहे? बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. 1915वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, उत्तर आलं की विक्रेत्याशी संपर्क होत नाही. तो मलाही होत नाही, म्हणूनच फोन केला होता! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची? आणि सोसायटीचे सचिव हॉलचं 1,500 भाडं घेऊन मोकळे. विक्रेत्याचं ओळखपत्र मागितलं नाही, फोन नंबरसुद्धा लिहून ठेवला नाही.

पैशांपेक्षा मोडीत दिलेली भांडी जास्त लागली आहेत. सासूबाईंची तीन पितळी पातेली, तांबट लेनमध्ये घडवलेली, दर दिवाळीआधी कल्हई केलेली, मिळून 6 किलो 700 ग्रॅम. त्यांना अजून सांगितलेलं नाही. मोठ्या पातेल्याच्या गळ्यावर 1968 कोरलं आहे. नाशिकमध्ये कुठल्या मोडीच्या दुकानात दिसलं तर मला कळवा, मागतील ती किंमत देईन.