गार्मिन जी-५: सेसना १७२ साठी राखीव उपकरण म्हणून कसे?

व्हॅक्यूम पंपावर चालणारा जुना आर्टिफिशियल होरायझन (विमानाचा कल दाखवणारे उपकरण) पंपासोबतच जातो. ड्राय (तेलाविना चालणाऱ्या) पंपाच्या कार्बन व्हेन्स, म्हणजे पाती, झिजतात आणि एक दिवस पूर्वसूचना न देता तुटतात. पुण्याहून पावसाळ्यात घाटमाथ्याकडे जाणाऱ्याला ढगात हा धोका परवडणारा नाही. म्हणूनच जी-५ (हेच काम करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) आम्हाला मनापासून पटतो. पॅनेलच्या नेहमीच्या ३ १/८ इंची भोकात बसतो आणि बॅटरी नवी असताना विमानाची वीज गेल्यावरही साधारण ४ तास चालतो.

खरी कसोटी जोडणीत आहे. पिटो (वेगासाठी समोरच्या हवेचा दाब घेणारी) आणि स्टॅटिक (उंचीसाठी बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेणारी), दोन्ही नळ्यांना टी-जोड लागतो. त्यानंतर गळती तपासणी टाळू नका: स्टॅटिक नळीतून हवा ओढून अल्टिमीटर (उंचीमापक) १,००० फूट वर न्यायचा आणि ओढ थांबवायची, एका मिनिटात वाचन १०० फुटांहून जास्त उतरता कामा नये. उतरले तर बहुधा जोडच सैल असतो. जीपीएसची जोडणीही हवीच, कारण पिटो बुजला तर कल दाखवायला उपकरण तिचा आधार घेते. आणि पिटो बुजतोच. उघडी नळी कुंभारमाशीला घरटे बांधायला फार सोयीची. झाकण लावा.

मॅग्नेटोमीटर (दिशा ओळखणारा चुंबकीय संवेदक) लोखंडी स्क्रू आणि स्ट्रोबच्या (लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या) तारांपासून दूर, शक्यतो पंखाच्या टोकाकडे बसवा.

विमान व्हीटी (भारतीय) नोंदणीचे असेल तर परदेशी एसटीसी (विमानात बदल करण्याचा मान्यता-दाखला) पुरेसा समजू नका. काम सुरू करण्याआधी डीजीसीएची (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची) मान्यता कॅमोमार्फत (विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत) पक्की करून घ्या.