पहिली कादंबरी: मोठा प्रकाशक, खर्च घेणारा प्रकाशक की स्वतः छपाई?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कादंबरी लिहून पुरी झाली की तीन वाटा असतात. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे पाठवायची, लेखकाकडून खर्च घेऊन पुस्तक काढणाऱ्याला द्यायची किंवा स्वतः छापायची. दुसरी वाट सगळ्यात सोपी वाटते, पण पहिल्या पुस्तकाचं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं.

कारण सरळ आहे. अशा प्रकाशकाचा नफा छपाईच्या वेळीच, तुमच्या पैशातून निघालेला असतो. पुढं पुस्तक खपवण्याची निकड त्याला उरत नाही. ‘500 प्रतींची आवृत्ती’ तोंडी ठरते, 100 प्रती घरी येतात आणि बाकीच्या छापल्या की नाही हे कळायला मार्ग नसतो. तरीही याच वाटेनं जायचं असेल तर छापायच्या प्रती, छपाईची तारीख, लेखकाला मिळणाऱ्या प्रती आणि उरलेल्या साठ्याची मालकी या चार गोष्टी करारात लिहून घ्या. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर ते खोडायला लावा. 1957च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 19 प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, पण ‘कायमस्वरूपी’ लिहून सही केली की ते संरक्षण गेलंच. फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क द्या. सीमाभागातल्या कादंबरीला कन्नड अनुवादाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तो हक्क हातचा सोडू नका.

मोठ्या प्रकाशकाकडे पैसे मागत नाहीत, संपादन होतं आणि पुस्तक महाराष्ट्रभरच्या दुकानांत पोचतं. एका पानात कथानक, पहिली तीन प्रकरणं आणि युनिकोडमधली (कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या देवनागरीतली) फाईल एवढं पाठवा. उत्तराला सहा महिने लागू शकतात. मानधन साधारण 10 टक्के. किंमत 300 रुपये असेल तर प्रतीमागे 30, म्हणजे 500 प्रती खपल्यावर 15,000. करारात ही टक्केवारी ‘छापील किमतीवर’ आहे ना, ते पाहा. ‘निव्वळ विक्रीवर’ असेल तर वितरकाची सूट वजा होऊन रक्कम जवळपास अर्धी होते. आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. आपल्याकडच्या संवादातलं ‘काय करुलैस?’ मुद्रितशोधनात ‘काय करतोयस?’ होऊन येतं आणि पात्राचं गावच पुसलं जातं. संवादातली बोली बदलायची नाही, अशी चिठ्ठी हस्तलिखिताला जोडा.

स्वतः छापण्यात कष्ट सगळे आपले, पण हिशेबही सगळा आपल्या डोळ्यांपुढं. 60,000 शब्दांची कादंबरी डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकारात साधारण 240 पानं भरते, म्हणजे 16 पानी 15 फॉर्म. फॉर्म म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच. पानं 243 झाली तर तीन पानांसाठी नवा फॉर्म सुरू होतो, म्हणून मांडणी झाल्यावर प्रकरणांची सुरुवात आवळून 240 वर आणा. श्रीलिपी या जुन्या फाँट-पद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं सरकतात. पहिलं प्रूफ फक्त त्यासाठी वाचा, शुद्धलेखन दुसऱ्यात. 200-300 प्रतींना डिजिटल छपाई परवडते. 500 पासून ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई, कारण प्लेटचा खर्च प्रतींवर वाटला जातो.

कागद निवडताना टपालही डोक्यात ठेवा. 70 जीएसएमवर (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) 240 पानी डेमी पुस्तक कव्हरसह 275 ग्रॅमच्या आसपास भरतं. पुठ्ठा आणि पाकीट घातलं की 300 ग्रॅम ओलांडतं आणि ज्ञान पोस्ट या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेतला 300 ग्रॅमपर्यंतचा पहिला दर-टप्पा हुकतो. 60 जीएसएम घेतला तर तो सांभाळता येतो, फक्त मागची अक्षरं पलीकडं दिसत नाहीत ना, ते नमुन्याचं पान छापून तपासा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, लेखकालाही. त्याचा बारकोड मागच्या कव्हरवर जातो, तेव्हा अर्ज कव्हर छापायच्या पुरेसा आधी करा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. किंमत ठरवताना वितरकाची 40-50 टक्के सूट गृहीत धरा. 300 रुपयांच्या पुस्तकाला छपाईच 120 पडत असेल तर 45 टक्के सूट वजा जाता हातात 45 रुपये उरतात, टपाल त्यातूनच.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे. बेळगावचा पत्ता घालण्याआधी त्या वर्षीच्या नियमावलीतली रहिवासाची अट वाचा.

कादंबरीचा विषय सीमाभागाबाहेरच्या वाचकालाही धरून ठेवील असा असेल तर आधी मोठ्या प्रकाशकांकडे पाठवा आणि सहा महिने थांबा. वाचक मुख्यतः इथलाच असेल तर 300 प्रती स्वतः छापा, आणि दिवाळीपर्यंत हातात येतील असं वेळापत्रक धरा. कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलनं हिवाळ्यात भरतात. तिथं टेबलावरून विकलेल्या प्रतीला वितरकाची सूट द्यावी लागत नाही.